थरथर कुठून येते

गोंदूर रोडला गाडी तिसऱ्या गियरमध्ये चालली असताना संघमित्रा मॅडमनी स्टेरिंगवरचे दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवून दिले. अठ्ठावीस वर्षं मी धुळ्यात लोकांना गाडी शिकवतोय. कुणी डोळे मिटले आहेत, कुणी क्लच समजून ब्रेकवर उभं राहिलं आहे, एका वकिलानं तर चालत्या गाडीचं दार उघडून पान थुंकलं होतं; पण हात असे शहाण्यासारखे काढून कुणी ठेवले नव्हते. "सर, बघा," त्या म्हणाल्या, "मी धरलेलंच नाही. तरी हलतंय." आणि हलत होतं खरंच. बारीक, सारखं, डावं-उजवं. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला, गाडी कडेला बाभळीखाली घेतली आणि मग जे तोंड सोडलं ते आता आठवलं तरी लाज वाटते. जीव नकोसा झालाय का, म्हटलं. मागून डंपर आला असता म्हणजे? शाळेत पोरांना असंच शिकवता का? त्या ऐकत राहिल्या. चाळिशीच्या बाई, सोनगीरच्या पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, स्वतःच्या वर्गात आवाज न चढवता साठ पोरं बसवणाऱ्या. आणि माझ्यासमोर मान खाली. घरी सोडलं तेव्हा देवपूरच्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उतरताना म्हणाल्या, "राहू द्या सर. नाही जमायचं मला." मी म्हटलं, गाडी मिस्तरीला दाखवतो, मग बघू. हे मी त्यांची समजूत काढायला म्हटलं असं तेव्हा मला वाटलं होतं.

एकवीस दिवसांचा कोर्स असतो आमचा. मॅडमचा हा चौथा महिना होता. बाकी सगळं त्यांना येत होतं, गियर लोण्यासारखा टाकायच्या, रिव्हर्स तर माझ्यापेक्षा नीट घ्यायच्या, पण स्टेरिंग स्थिर म्हणून राहत नव्हतं. मी रोज तेच सांगायचो, हात सैल ठेवा, खांदा सोडा, घाबरता कशाला. परीक्षेची तारीख मागितली की म्हणायचो, तुमचा हात अजून बसलेला नाही. शिकाऊ लायसन्सची मुदत महिनाअखेर संपत होती. ते संपलं की पहिल्यापासून सगळं, आणि त्या बाई पहिल्यापासून करणाऱ्यातल्या नव्हत्या, हे मला दिसत होतं. रोज सकाळी हायवेला उभं राहून जी मिळेल ती गाडी, सोनगीरला उतरून दुसरी, आणि परतताना तेच उलटं; बारा वर्षं. त्यांनी गाडीसुद्धा बघून ठेवली होती, पांढरी, कुणा ओळखीच्यांची वापरलेली. ती त्या डोळ्यांसमोर ठेवूनच माझ्या गाडीत बसायच्या. कधी कधी नुसत्या बसल्या बसल्या आरसा नीट करायच्या, त्यांच्या त्या गाडीचा असल्यासारखा.

माझी गाडी म्हणजे छोटी, आठशे सीसीची, दोन हजार सहाची, पुन्हा पासिंग करून घेतलेली. पॉवर स्टेरिंग नाही, म्हणून शिकायला उत्तम. रस्त्यावरचा खडा तळहातात कळतो. डाव्या बाजूला माझ्यासाठी वेगळा ब्रेक आणि क्लच. आणि तिसरी वस्तू म्हणजे माझा उजवा हात, तो स्टेरिंगच्या अगदी तळाशी, दोन बोटं आणि अंगठा. ही सवय मला उस्तादानं लावली. मी अठरा वर्षांचा असताना फैजपूरहून केळी भरून दिल्लीला जाणाऱ्या ट्रकवर होतो, जीवराम उस्तादाच्या हाताखाली. उस्ताद मला चालवायला द्यायचा आणि स्वतः डुलक्या काढायचा, पण लांब दांडगा हात पुढे करून दोन बोटं स्टेरिंगच्या बुडाला लावूनच. ग्वाल्हेरच्या अलीकडे एकदा मला झोप लागली. गाडी खड्ड्याकडे जायच्या आत उस्तादानं डोळे न उघडता ती सरळ केली आणि मग डोळे न उघडताच माझ्या कानाखाली वाजवली. तेव्हापासून माझ्या मनात ते पक्कं बसलं, की शिकवणाऱ्याचा हात म्हणजे गाडीचाच भाग. तो असतो. त्याच्याकडे बघायचं नसतं. देवपुरातली निम्मी माणसं त्या दोन बोटांवर गाडी शिकली आहेत, डॉक्टर, प्राध्यापक, दोन नगरसेवक, आणि त्यातल्या कुणाला तो हात आठवतही नसेल.

त्या दिवशी घरी आलो, जेवलो, आणि पडलो तरी ते हलणारं स्टेरिंग काही डोळ्यांपुढून जाईना. मी स्वतःला समजावत होतो की चाकं वळवणारा टाय रॉड गेला असेल. लोअर आर्मचे बुश गेले असतील. वीस वर्षांची गाडी, रोज नवशिक्याच्या हातात, फुटपाथवर चढते, खड्ड्यात आपटते, तिचे सांधे राहतील का शाबूत? मग असं वाटायला लागलं की मी फारच जोर लावून समजावतोय. कुणाला? खोलीत तर मी एकटाच होतो. प्रमिला, माझी बायको, आत गहू निवडत होती. हिनं मागे दिवाळीत विचारलं होतं की बटणांचे शर्ट घालायचे का सोडले. मी म्हटलं होतं, पोरानं पुण्याहून टी-शर्ट आणलेत, ते काय ट्रंकेत ठेवू? ते खरंच होतं. आणि दाढीला न्हाव्याकडे जायला लागलो त्याचंही कारण मी स्वतःला देऊन ठेवलं होतं, की आता वय झालं, जरा चैन करावी. एकेका गोष्टीला माझ्याकडे चांगलं, धड, चारचौघांत सांगता येईल असं कारण होतं. इतकी सगळी कारणं एका माणसाकडे का असावीत, हे तेवढं मी विचारलं नाही.

सकाळी गाडी रुपचंद मिस्तरीकडे नेली. पारोळा रोडला त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे. एकटा काम करतो, कुणाला हाताखाली ठेवत नाही, कारण म्हणे दुसऱ्यानं आवळलेला बोल्ट त्याला रात्रभर झोपू देत नाही. माणूस कमी बोलतो आणि बोलला तर अहिराणीत. मी त्याला सगळं सांगितलं, तिसऱ्या गियरला स्टेरिंग हलतं, ब्रेक दाबला नसला तरी हलतं, चांगल्या रस्त्यावरही हलतं. हात सोडला तरी हलतं, हे मी दोनदा सांगितलं. त्यानं काही विचारलं नाही. आधी चारी टायरवरून तळहात फिरवला, पुढे मागे, घोड्याची पाठ बघतात तसा. टायर सारखे झिजलेले होते. मग बोनेटचा एकेक कोपरा दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली. शॉकअप ठीक. मी थोडा खट्टू झालो. चाकं बॅलन्सिंगला टाकून आणली, त्यात तासभर गेला, तिथंही विशेष काही निघालं नाही. मी बाकड्यावर बसून एखाद्या नातेवाईकाच्या ऑपरेशनला बसावं तसा बसलो होतो, फक्त उलटं. इथं काहीतरी वाईट निघावं म्हणून जीव टांगलेला. निघू दे, मनात म्हणत होतो. काहीही निघू दे. बॉल जॉइंट निघू दे, अख्खा स्टेरिंगचा रॅक निघू दे, मी नवीन टाकतो.

मग त्यानं पुढची बाजू जॅकवर घेतली. दोन्ही चाकं अधांतरी. चाक वर-खाली धरून हलवलं, काही नाही. बाजूंना धरून हलवलं, आणि डाव्या चाकाला टक् असा आवाज आला. पुन्हा टक्. रुपचंद खाली सरकला, डाव्या टाय रॉडच्या टोकाला बोट लावून त्यानं चाक हलवलं आणि वर माझ्याकडे बघून मान डोलावली. काय सांगू, मला इतका आनंद झाला की मी उठून त्याच्यासाठी समोरच्या टपरीवरून चहा आणला. निम्मा चहा रस्त्यातच बशीत सांडला होता, तेही मी आनंदातच गणलं. त्या टोकाचा रबर फाटला होता, आतली गोळी सैल झालेली. त्यानं ते काढलं, नवीन बसवलं, आणि जुनं माझ्या हातात दिलं. ही रीतच आहे. जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे मनात काही राहत नाही. मी ते लोखंडाचं टोक पेपरात गुंडाळून डॅशबोर्डवर ठेवलं. मॅडमना दाखवायचं ठरवलं. हे बघा, म्हणणार होतो, तुमचं बरोबर होतं, गाडीच बिघडलेली होती. आणि त्यांना तारीखही देऊन टाकणार होतो, पुढच्याच आठवड्याची.

शेवटची तपासणी दोघांनी करायची असते. एक वर बसून स्टेरिंग हळूहळू डावं-उजवं करतो, दुसरा खाली झोपून एकेका सांध्यावर अंगठा ठेवतो. डोळ्याला दिसत नाही ते अंगठ्याला कळतं. मी उजव्या सीटवर बसलो. खालून रुपचंद सांगत होता, आणि मी करत होतो. डावीकडे. उजवीकडे. पुन्हा. मग त्याचा आवाज आला.

"भाऊ, आते धरी ठेवा. हालाडू नका."

मी धरून ठेवलं. समोर पत्र्यावर जुन्या टायरच्या कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यातल्या तारखा मी वाचत होतो. खाली रुपचंद एकेका सांध्यावर अंगठा ठेवत होता.

"हालस अजून," तो म्हणाला.

"मी हालाडत नही, रुपचंद."

रस्त्यावरून एक एसटी गेली. मी उजव्या हाताकडे बघितलं नाही. कॅलेंडरकडेच बघत होतो. पण आता मला तो न बघताही कळत होता, मनगटापासून बोटांपर्यंत, बारीक, सारखा, डावं-उजवं. तो माझ्या खांद्याला लागलेला होता आणि माझं ऐकत नव्हता. रुपचंद बाहेर सरकला, हात पुसले, आणि माझ्याकडे न बघता दाराशी येऊन उभा राहिला. "भाऊ, तुम्ही खाले या," म्हणाला. "मी वर बसस."

ह्या वयात गाडीखाली झोपायचं म्हणजे सोंगच. पण झोपलो. पाठीखाली पुठ्ठा, नाकात ऑइलचा वास. वरून त्यानं स्टेरिंग धरलं. मी डाव्या हाताचा अंगठा नव्या सांध्यावर ठेवला. लोखंड थंड होतं आणि मेल्यासारखं गप्प. कणभरही हलत नव्हतं. मी अंगठा उचलून उजव्या बाजूच्या सांध्यावर ठेवला, मग रॅकवर ठेवला, मग पुन्हा डाव्या सांध्यावर. कुठंच काही नाही. गाडी निर्दोष होती. मी तसाच पडून राहिलो, आणि खरं सांगतो, मला रडू आलं. मोठ्यानं नाही, पाणी नुसतं कानाकडे ओघळलं. रुपचंदला ते दिसलं नसेल, आणि दिसलं असतं तरी तो काही म्हणाला नसता. मी बाहेर आलो तेव्हा तो जॅक काढत होता. "गाडी बठ्ठी बरी शे, भाऊ," सगळी ठीक आहे, एवढंच म्हणाला, आणि बाकीचं त्यानं मला माझं मीच बघायला लावलं होतं.

नदीवरच्या पुलापर्यंत मी दोन्ही हातांनी गच्च धरून गाडी चालवत आलो. मग कडेला थांबलो. पांझरेत पाणी कमी होतं, कुणीतरी म्हशी धूत होतं. डोक्यात चार महिने उलटे फिरायला लागले. मॅडम गाडीत बसल्या की मी हात तळाशी ठेवायचो. स्टेरिंग हललं की मी ओरडायचो, आणि ओरडताना पकड घट्ट करायचो, मग ते जास्त हलायचं, मग मी आणखी ओरडायचो. आणि त्या घाबरून विचारायच्या, सर, मी काय चुकतेय? त्यांच्या आधीची ती बँकेतली मुलगी कोर्स अर्धा सोडून गेली. तिलाही मी हेच म्हटलं होतं, तुझा हात बसत नाही. त्याच्या आधी कोण? आठवायला लागलो आणि मग आठवायचं थांबवलं. रुपचंद कुणाला सांगणार नाही, हे मला माहीत होतं. हात काढून घेतला की प्रश्न मिटला. मॅडमना पेपरात गुंडाळलेलं टोक दाखवायचं, त्यात खोटं काय? झिजलेलंच होतं ते. मिस्तरीनं माझ्या हातात दिलंय. ते दाखवलं की माझी पाटी राहते, अठ्ठावीस वर्षं राहतात, आणि त्यांनाही लायसन्स मिळतं. दोघांचं भलं. मी ते टोक हातात घेऊन बघितलं आणि मला माझाच राग आला, असा राग की ते उचलून नदीत फेकावंसं वाटलं. फेकलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमना फोन केला. गाडी झाली, म्हटलं, आज सोनगीरपर्यंत जाऊ, शाळेच्या आधी. त्या यायला तयार नव्हत्या, पण मी सहसा विनंती करत नाही, म्हणून आल्या असाव्यात. मी डाव्या सीटवर बसलो आणि उजवा हात मांडीखाली घातला. हायवेला लागेपर्यंत त्यांचे खांदे कानाला लागलेले. मग नगाव मागे पडलं, आणि ते खांदे आपोआप खाली आले. गाडी रुळावरून चालल्यासारखी सरळ. एक ट्रेलर बाजूनं गेला तरी त्यांनी रेघ सोडली नाही. तिसरा गियर, चौथा. कपाशीची शेतं मागे जात होती आणि मॅडम चक्क हसत होत्या, आपल्याशीच. मी त्यांना चार महिन्यांत हसताना पाहिलं नव्हतं. मला बरं वाटत होतं, आणि आता त्या विचारणार हेही ठाऊक होतं. सोनगीरचा किल्ला दिसायला लागला तेव्हा त्यांनी विचारलं.

"सर, किती मस्त झाली गाडी. मिस्तरीनं काय बदललं?"

पेपरातलं टोक समोरच होतं, हात लांब केला असता तर मिळालं असतं. मी मांडीखालचा हात काढला आणि त्यांना दिसेल असा गुडघ्यावर ठेवला. तो त्याचं काम करत होताच. म्हटलं, "बदललं ते खडखडीचं होतं, मॅडम. थरथर माझी होती. तुम्ही चालवायच्या तेव्हा माझा हात खाली लागलेला असायचा. मला काल कळलं. माझी चूक झाली. तुमचा हात पहिल्यापासून चांगला होता."

त्यांनी आरसा बघितला, इंडिकेटर दिला, गाडी व्यवस्थित कडेला घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. मी शिकवलं होतं अगदी तसं. मग समोर काचेतून बघत बसल्या. त्यांनी ओरडावं असं मला फार वाटत होतं. मी ओरडलो होतो तसं, चांगलं पाच मिनिटं, डंपर आणि पोरं आणि सगळं काढून. पण त्या ओरडणाऱ्या नव्हत्याच.

"मी मागच्या महिन्यात जळगावला जाऊन आले, सर," त्या म्हणाल्या. "मेंदूच्या डॉक्टरांकडे. घरी सांगितलं, बहिणीकडे चालले. धुळ्यात दाखवलं असतं तर शाळेत कळलं असतं, की बाईंचे हात थरथरतात. त्यांनी कागदावर गोल काढायला लावले. पाण्याचा पेला धरायला लावला. म्हणाले, तुमच्या हातात काहीही नाही. मी त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, असं कसं, आमचे सर म्हणतात."

माफ करा, म्हटलं, पण त्यांनी ऐकल्याचं दाखवलं नाही. समोरून शाळेची पोरं सायकलींवर चालली होती, एकानं मॅडमना ओळखलं आणि हात केला. त्यांनीही हात केला. मग हँडब्रेक सोडला, मान वळवून मागचा टेम्पो जाऊ दिला, आणि गाडी रस्त्यावर घेतली.

"चांगले आहेत डॉक्टर. घाई करत नाहीत," त्या म्हणाल्या, वर्गात अभ्यास देतात त्या आवाजात, माझ्याकडे न बघता. "शनिवारी माझी शाळा सकाळची असते. अकराला निघू. मी चालवीन."